आमच्या ह्यांची बर्था मिस

लॅरिसा म्हणाली, "शहनाझ मॅडम, वार्षिक अंकासाठी तुम्ही बर्था मिसवर एक पान लिहा ना. छान, पॉझिटिव्ह." लॅरिसा आमच्या कॉलेजात फाउंडेशन कोर्सची को-ऑर्डिनेटर आहे. मुंबईची पोर, सगळ्यांशी गोड. दोन बायका एका कॉरिडॉरमध्ये शिकवतात म्हणजे त्या मैत्रिणी असणारच, असं तिला वाटतं. मी बरं म्हटलं. पण पानभर पॉझिटिव्ह मला जमायचं नाही, म्हणून खरं काय ते लिहितेय. छापायचं की नाही ते तिचं तिने बघावं.

तर बर्था. वसईकडची. बापाची केळीची बाग होती. बाविशी-तेविशीत अबूधाबीला आली ती हॉटेलात चादरी बदलायला. मग रिसेप्शनवर गेली, मग बँक्वेटवाल्या झेवियरशी लग्न केलं. पोस्टाने बी.कॉम. केलं आणि गणितात दोनदा गचकली. हे मला कुणी सांगितलं विचाराल तर तिनेच. ती सगळ्यांना सांगते. नवीन बॅच आली की पहिल्या दिवशी फळ्यासमोर उभी राहून हसत हसत म्हणते, "मी दोनदा नापास, हां. तुमचा नंबर माझ्यानंतर." लोक खूश. मी एम.एस्सी. आहे, बी.एड. आहे, रत्नागिरीच्या शाळेत गणित शिकवून इथे आलेली आहे. मी काय सांगणार? मी पास झाले, हे ऐकून कोण खूश होतं?

मला सगळे मॅडम म्हणतात आणि तिला मिस म्हणतात. यात काय वाईट, असं तुम्ही म्हणाल. तुम्हाला कुणी वीस वर्षं मॅडम म्हटलेलं नाही, म्हणून म्हणाल.

आता हे सगळं एकत्र कसं आलं ते सांगते. आमचं कोकणवाल्यांचं एक मंडळ आहे, त्यात मी आमच्या लोकांना इंग्रजी आणि गणित शिकवायचे. दहावीत राहिलेले, बारावी अर्धवट सोडलेले, गॅरेजवाले, ड्रायव्हर, दुकानवाले. त्यांना कम्युनिटी कॉलेजात डिप्लोमाला बसायचं असे, पण प्रवेश परीक्षेत गणितात उडायचे. तिकडे वसईवाल्यांच्या मंडळात बर्था हेच काम हॉटेलवाल्यांसाठी करायची. आणि कॉलेजचं तिसरंच. उडालेल्यांना ते फाउंडेशनमध्ये घालायचे. पहिली लेव्हल, दुसरी लेव्हल, तिसरी लेव्हल. माणूस दिवसभर काम करून संध्याकाळी तिथे बसणार, वर्ष गेलं तरी अपूर्णांकातच. मग एक दिवस येईनासा व्हायचा. डिप्लोमाच्या दारापर्यंत पोचणारे मोजकेच. शेवटी कॉलेजने दोन्ही मंडळांना बोलावलं आणि सांगितलं, तुम्ही वेगवेगळे शिकवू नका. एकच कोर्स करू, एकाच टर्मचा, कॉलेजच्या खोल्यांत, शनिवारी. तुमची माणसं, तुमच्या शिक्षिका, आमची परीक्षा.

कल्पना चांगली होती, मी नाही म्हणत नाही. पहिल्या मीटिंगला बर्था वसईची सुकेळी घेऊन आली. ती केळी सुकवून करतात ती, गोड, चिकट. टेबलावर डबा फिरला आणि पाच मिनिटांत सगळे "मिस, मिस". मी मुद्दे टाईप करून नेले होते, प्रत्येकाला कॉपी. ती कॉपी लोकांनी सुकेळ्याची बोटं पुसायला वापरली. मी तिथेच ठरवलं की ही बाई मला आवडणार नाही.

म्हणून मी नियम काढला. मी म्हटलं, "लॅरिसा, आपल्या नातेवाइकाने आपल्याच वर्गात बसायचं नाही. मार्कांचा प्रश्न येतो." सगळे हो म्हणाले. माझा बाण कुणावर होता ते बर्थाला बरोबर कळलं, कारण तिचा दीर अँड्र्यू तिच्याच वर्गात बसायचा आणि मला पक्का संशय होता की ती त्याला सांभाळून घेते. ती हसून म्हणाली, "करेक्ट आहे मॅडम. अँड्र्यू तुमच्याकडे." मला भांडायचं होतं आणि ती भांडलीच नाही. अशा माणसाचं काय करायचं सांगा.

आणि मग आमच्या ह्यांनी नाव घातलं.

आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. पण सारखं हे-हे करत बसले तर तुम्हाला कोण ते कळायचं नाही, म्हणून घेते. युसुफ. रुवैसला असतात, तिकडे रिफायनरीत एका कंत्राटदाराकडे स्कॅफोल्डिंगचे, म्हणजे परांचीचे, फोरमन. आठवडाभर कॅम्पवर, शुक्रवारी दुपारी सुटले की गाडी मारत अबूधाबीत मोहम्मद बिन झायद सिटीला घरी. कामात माणूस सोनं आहे. पण दहावी गणितात राहिली ती राहिलीच. यांच्या हाताखाली तयार झालेला वासिफ डिप्लोमा करून यांचाच सुपरवायझर झाला. तो आजही यांना "चाचा" म्हणतो आणि कामाच्या कागदावर सही मात्र तोच करतो. आता कंपनीने कळवलं की पुढे डिप्लोमाशिवाय सुपरवायझर नाही. म्हणजे यांना आधी आमचा फाउंडेशन पास व्हायला हवा. नाही झाले तर रिटायर होईपर्यंत वासिफच्या सहीची वाट बघत उभं राहायचं.

लग्न झाल्यापासून मी या माणसाला शिकवायला बघतेय. नवीन लग्नात एकदा पाटीपेन्सिल घेऊन बसवलं होतं. पाऊण अधिक अर्धा. मी म्हटलं, आधी लसावि काढा. हे म्हणाले, जरा गाडीचं बघून येतो. आजतागायत बघतायत. यांचे अर्ज मी भरते, यांचे मेल मी वाचते, कंपनीला उत्तर मी लिहिते. वर्गातल्या परक्या ड्रायव्हरांना मी पास करून दाखवलं आणि घरातला माणूस तसाच राहिला. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते हेच. मला आयुष्यात दुसरं काही नको होतं. यांनी एकदा माझ्यासमोर बसावं आणि माझ्याकडून शिकावं, बस.

यांनी नाव घातलं तेव्हा मी अल्लाचा शुकराना केला. म्हटलं, आता कुठे जाल. लॅरिसाने यादी लावली. युसुफ यांचं नाव खोली दोनमध्ये. बर्था मिस. मी लॅरिसाच्या केबिनमध्ये गेले तर ती म्हणते, "मॅडम, तुमचाच तर रूल आहे." आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घेतला होता मी, आणि बोंबलायचीही सोय नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरात तिसरं माणूस राहायला आलं. जेवताना बर्था मिस. गाडीत बर्था मिस. "बर्था मिस म्हणते, आधी अंदाज करायचा, मग हिशोब." मी हेच वीस वर्षं सांगतेय. "बर्था मिस म्हणते, चुकलं तर खोडायचं नाही, बाजूला ठेवायचं." ठेवा. सगळं बाजूला ठेवा, बायकोसकट. एका शनिवारी आमच्या मुलीला, मरियमला, सांगत होते, "आज भागाकारात दुसरा अपूर्णांक उलटा करायचा विसरलो मी," आणि वर हसत होते. मी किचनमध्ये उभी राहून ऐकत होते. या माणसाने माझ्यासमोर कधीही 'विसरलो' हा शब्द उच्चारलेला नाही. गॅस बंद करायला विसरले तरी म्हणतात, मुद्दाम चालू ठेवला होता.

माझ्या पोटात दुखायला लागलं, खरंच सांगते. म्हणजे डॉक्टरकडे जाण्यासारखं नाही, पण दुखायचं. ते पन्नाशीचे, ती पन्नाशीची, तसला काही संशय माझ्या मनात नाही. तो संशय असता तर परवडलं असतं, सरळ भांडता तरी आलं असतं. पण गणितावरून नवऱ्याशी कुणी भांडतं का? कुणाला सांगायची सोय नाही. बहिणीला रत्नागिरीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, शिकतोय ना? मग तुझं काय गेलं?" माझंच तर गेलं होतं.

कॉलेजचा एक प्रकार आहे, दोन शिक्षिकांनी एकमेकींच्या वर्गात जाऊन बसायचं आणि चांगलं काय ते टिपायचं. लॅरिसाने मला बर्थाच्या वर्गात पाठवलं. मी मागच्या बाकावर बसले. युसुफ पुढे, त्यांना माहीत नव्हतं. बर्थाने विचारलं, "आजची चूक कोण देतं?" तिच्या वर्गात ही रीतच आहे, रोज कुणीतरी फळ्यावर जाऊन स्वतःची चूक सगळ्यांना दाखवायची. आणि आमचे हे उठले. हे. लग्नात स्टेजवर चढायला लाजणारा माणूस. फळ्यावर जाऊन लिहिलं, तीन चतुर्थांश अधिक एक द्वितीयांश, बरोबर चार षष्ठांश. वरचे वर मिळवले, खालचे खाली.

बर्था म्हणाली, "युसुफभाई, पाऊण भाकरी तुमच्याकडे, अर्धी माझ्याकडे. दोन्ही मिळून एका भाकरीपेक्षा कमी कशी झाली? मधे कुणी खाल्ली?"

युसुफ म्हणाले, "मीच खाल्ली असणार, मिस. रुवैसहून येतो, भूक लागते." सगळा वर्ग हसला. हे पण हसले, आणि मग खडूऐवजी हातात मार्कर आहे हे विसरून बोटाने पुसलं आणि बरोबर उत्तर काढलं. सव्वा. माझ्या लसाविशिवाय नाही काढलं, लसाविनेच काढलं. फक्त त्याला तिने लसावि म्हटलं नाही, म्हणाली की दोघांच्या भाकरीचे तुकडे सारखे करून घ्या.

मी वहीत काय लिहावं? लिहिलं की फळ्यावरचं अक्षर सुधारायला हवं. अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय ते मला त्या बाकावर कळलं. शिवाय तिने त्याच तासाला सात आठे चोपन्न लिहिलं होतं. अँड्र्यूच्या वर्गात, म्हणजे माझ्या वर्गात, असं कधी होत नाही. तिच्या वर्गात पोरं ओरडली, "मिस, छप्पन," आणि ती म्हणाली, "बघा, म्हणून तर तुम्ही लागता मला."

टर्म संपली, परीक्षा झाली. परीक्षेच्या सकाळी मी यांना सांगितलं, "घाईने उत्तर लिहू नका. एकक तपासा. चिन्ह बघा." हे हो हो म्हणाले आणि गाडीची किल्ली शोधत राहिले.

गुरुवारी दुपारी बर्थाचा फोन आला. तिने मला कधी फोन केलेला नाही, मेसेज करते, तोही फुलांचा.

"मॅडम, मी सांगायला नको खरं तर. पण सांगते. रिझल्ट लागला. युसुफभाई थोडक्यात राहिले. पुढच्या महिन्यात परत बसता येतं, तोवर राहिलेल्यांसाठी शनिवारचा वर्ग चालूच आहे."

मी म्हटलं, "तुम्हाला कुणी सांगितलं? रिझल्ट तर ज्याच्या त्याच्या मोबाईलवर येतो."

तिने आढेवेढे घेतले. मग म्हणाली, "त्यांनीच फोन केला होता, रुवैसहून. मला विचारत होते, शहनाझला कसं सांगू."

मी बेडवर बसले. नापास झाले याचं वाईट वाटायला हवं होतं, ते नंतर वाटलं. आधी काय वाटलं ते लिहिते, कारण खरं लिहायचं ठरलंय. तिला आधी फोन केला. मला नाही. बायकोला कसं सांगायचं हे त्यांनी वसईच्या बाईला विचारलं.

"तुम्ही काय सांगितलंत?" मी विचारलं.

"म्हटलं, सरळ सांगा. बायको आहे, खाणार नाही." मग ती म्हणाली, "मॅडम, राग मानू नका. ते म्हणाले, मिस, तुमच्यासमोर चुकलो की चूक वर्गात राहते. शहनाझसमोर चुकलो की ती घरी येते, जेवायला बसते, झोपायला पण येते."

"बरं," मी म्हटलं, आणि फोन ठेवला. थँक यू म्हणाले नाही.

दुपारभर मी बर्थावर चिडून होते. असं वाक्य ऐकलं तरी ते त्याच माणसाच्या बायकोला सांगावं का? उचलली जीभ, लावली टाळ्याला. संध्याकाळी मरियम आली. तिला मी विचारलं, "मी सगळ्यांच्या चुका काढते का गं?" ती मोबाईलमधून मान वर न करता म्हणाली, "अम्मी, यू करेक्टेड द डिलिव्हरी गाय्ज ग्रामर." मी म्हटलं, "तो 'आय ॲम कमिंग टुमारो' म्हणत होता आणि दारात उभा होता." मरियम म्हणाली, "एक्झॅक्टली."

शुक्रवारी हे आले. मी पापलेटचं सालन केलं होतं, नारळ वाटून, आमच्याकडे करतात तसं. हे हात धुऊन बसले. मी ताट वाढलं आणि समोर बसले. काही विचारलं नाही. हे दोन घास खाल्ल्यावर स्वतःच म्हणाले, "रिझल्ट अजून नाही आला. पुढच्या आठवड्यात, इन्शाल्ला."

खोटं बोलता येत नाही या माणसाला. कान लाल होतात. मी बघत राहिले. बर्थाने सरळ सांगा म्हणून सांगितलं होतं आणि बर्था मिसचं सगळं ऐकणाऱ्या माणसाने तेवढं एक ऐकलं नव्हतं. माझी इतकी भीती. मी विचार केला, हे खोटं असंच राहू द्यावं. पण राहवलं नाही. माझा स्वभाव आहे, काय करू.

"मला माहीत आहे," मी म्हटलं. "राहिलात ते."

त्यांचा घास हातातच राहिला. "कुणी सांगितलं?"

मी त्यांच्या ताटात सालन वाढलं.

"बर्था मिसने? मी तिला म्हटलं होतं, सांगू नका म्हणून." त्यांनी घास ताटात ठेवला. "हे बरोबर नाही. विश्वासाने सांगितलं होतं."

अल्लाची शपथ, मला इतका आनंद झाला की मी खाली बघितलं, तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून. यांच्या तोंडून बर्थाबद्दल वाईट ऐकायला मी अख्खी टर्म वाट बघितली होती. आणि यांचं बोलणं थांबेना. "खलास. मी नाही जात आता तिच्या वर्गात. परत बसायचं तर बसू, पण तिच्याकडे नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू शिकव मला. घरी. शुक्रवारी येतो, शनिवार आहे, रविवार आहे. तूच शिकव."

लग्नाला इतकी वर्षं झाली, एवढं एक वाक्य ऐकायचं होतं मला. ते आता समोर आलं होतं, सालनाच्या वासासकट. मी मनात वह्यासुद्धा काढल्या. पहिला दिवस अपूर्णांक, दुसरा दिवस टक्केवारी. आणि मग मला ते दिसले, माझ्यासमोर पाटी घेऊन बसलेले, कान लाल झालेले, गाडीचं बघून येतो म्हणणारे. महिन्याभराने परीक्षा. माझ्याकडे बसले तर हे परत राहणार, हे मला माहीत होतं. मी शिक्षिका आहे, कोण कुठे शिकतं ते मला कळतं. त्यात माझ्याकडून चूक होत नाही.

"मी नाही शिकवणार," मी म्हटलं.

"का?"

"तुमचं तिच्याकडे जमलंय. तुम्ही थोडक्यात राहिलात, माझ्याकडे असतात तर थोडक्यात राहिला नसतात, पुष्कळ राहिला असतात. उद्या तिच्याच वर्गात बसायचं. आणि तिच्यावर रागवायचं नाही. ती सांगत नव्हती, मीच फोन करून खोदून खोदून विचारलं."

हे खोटं मी बर्थासाठी बोलले. तिला हे कळलं तर ती सुकेळीचा डबा घेऊन घरी येईल, म्हणून लॅरिसा, एवढा भाग तरी छापू नकोस.

युसुफ माझ्याकडे बघत राहिले. "नक्की?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांचे खांदे खाली आले, कपाळ सैल झालं, कानसुद्धा पूर्वीसारखे झाले. रुवैसहून एवढी गाडी मारून आल्यावर दिसला नव्हता तेवढा थकवा उतरलेला मला दिसला, आणि तो मी 'नाही' म्हटल्यामुळे उतरला होता.

मला वाटलं, निदान एकदा तरी आग्रह करतील. एकदाच म्हणाले असते ना, नाही शहनाझ, तूच शिकव, तर मी कॉलेज, नियम, बर्था, सगळं गुंडाळून ठेवलं असतं आणि खरकट्या ताटाशीच वही उघडून बसले असते.

ते म्हणाले, "भात आहे का अजून?"